सहीचा धनी कोण?

बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे या टाक्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि काही ठिकाणी टाक्यांच्या दोन रांगा अगदी जवळ येतात. त्यांच्यामधल्या अरुंद पांढऱ्या पट्टीला संग्राहक ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. चेंडूवर एकाच खेळाडूची सही घ्यायची असेल, तर ती या पट्टीवर आणि निळ्या बॉलपेनने घेतलेली असावी, असा संकेत आहे. दुसरीकडे कुठे घेतली की किंमत घसरते. ‘प्रिय अमुक यास’ असे लिहून घेतले तरी घसरते, कारण मग तो चेंडू त्या अमुकशिवाय दुसऱ्या कुणाला विकणे कठीण होते.

अमेरिकेत निवृत्त बेसबॉलपटूंच्या सह्यांचा बाजार भरतो तो अशा बारकाव्यांवर. एखाद्या हॉटेलचा मोठा हॉल भाड्याने घेतात. जुनी कार्डे, चेंडू, बॅटी, जर्सी विकणारे व्यापारी भाडे भरून आपापली टेबले मांडतात. एका कडेला पडद्याआड एक वयस्क गृहस्थ बसलेला असतो. आयोजकाने त्याला काही तासांसाठी किंवा ठरावीक सह्यांसाठी ठोक रक्कम दिलेली असते आणि ती वसूल करण्यासाठी तो सहीची तिकिटे विकतो. छायाचित्राचा दर वेगळा, चेंडूचा वेगळा, बॅटचा त्याहून चढा. सहीखाली एखादा विक्रम किंवा सन्मानाचे वर्ष लिहून हवे असेल तर त्याचे आणखी पैसे.

ही गोष्ट सांगितली की बहुतेकांची प्रतिक्रिया एकच असते : एवढ्या मोठ्या खेळाडूने सहीसाठी पैसे घ्यावेत? अमेरिकेतही गेली चाळीस वर्षे हाच प्रश्न विचारला जातो आहे. या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्यांच्या करारपत्रांत शोधावे, असे मला या विषयाचे वाचन करताना वाटत गेले. म्हातारपणी चेंडूवर केलेल्या सहीची किंमत समजून घ्यायची, तर तरुणपणी करारावर केलेल्या सहीची किंमत आधी पाहावी लागते.

करारावरची सही

१८७९ साली अमेरिकेतल्या नॅशनल लीगच्या संघमालकांनी आपसांत एक गुपचूप समझोता केला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू ‘राखीव’ ठेवायचे आणि इतरांनी त्यांना हात लावायचा नाही. पुढे पाचाचे बंधन गेले आणि संपूर्ण संघच राखीव झाला. खेळाडूच्या करारात हे कलम कायमचे आले. करार एका वर्षाचा असे. पण वर्ष संपले तरी खेळाडू मोकळा होत नसे. नव्या वर्षाचा हक्कही त्याच मालकाकडे राही, आणि त्याच्या पुढच्या वर्षाचाही. मालक त्याला दुसऱ्या संघाला विकू शके किंवा अदलाबदलीत देऊ शके. खेळाडूला दोनच वाटा होत्या : सांगतील त्या पगारावर सांगतील तिथे खेळणे किंवा खेळ सोडणे.

न्यायालयांनीही मालकांचीच बाजू घेतली. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली दिला. १९५३ साली तोच कायम राहिला. १९६९ मध्ये सेंट लुई कार्डिनल्स संघाने कर्ट फ्लड या आपल्या नामांकित खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकले. फ्लडचा पगार तेव्हा ९० हजार डॉलर होता, म्हणजे त्या काळात उत्तमच. त्याने कमिशनर बोवी क्यून यांना पत्र लिहून कळवले की, बारा वर्षे खेळल्यावर आपण काही खरेदी-विक्रीची मालमत्ता आहोत असे आपल्याला वाटत नाही. तो कृष्णवर्णीय होता, आणि या शब्दांमागे कोणता इतिहास आहे हे वाचणाऱ्यांना कळत होते. फ्लड न्यायालयात गेला. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्दही संपली होती.

कोंडी फुटली ती न्यायालयाबाहेर. मार्व्हिन मिलर १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख झाले. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेला हा माणूस. मालकांशी झालेल्या सामूहिक करारात त्यांनी त्रयस्थ लवादाची तरतूद करून घेतली. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांच्या तक्रारीवर लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला : करार संपल्यावर मालकाचा हक्क फार तर एक वर्ष टिकतो, त्यानंतर खेळाडू मोकळा. मालकांनी साइट्झना ताबडतोब काढून टाकले, पण निर्णय फिरवता आला नाही.

पुढचे आकडे पुरेसे बोलके आहेत. १९६७ साली बेसबॉलपटूचा सरासरी वार्षिक पगार सुमारे १९ हजार डॉलर होता, १९७५ साली सुमारे ४५ हजार. १९८० साली तो १ लाख ४० हजारांच्या वर गेला आणि १९९२ साली त्याने १० लाखांची पातळी ओलांडली. या उडीच्या आधी ज्यांची कारकीर्द संपली, तेच पुढे हॉटेलांच्या हॉलमध्ये टेबलांमागे बसलेले दिसतात.

पाच डॉलरांचा चेहरा

बेसबॉलपटूच्या हाती मालकाकडे गहाण न पडलेली एकच वस्तू होती. त्याचे नाव आणि चेहरा. या वस्तूला कायद्यात मालमत्तेचे रूप मिळाले ते च्युइंगगममुळे.

गमच्या पाकिटात खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे घालून विकण्याची चढाओढ १९५०च्या सुमारास बोमन आणि टॉप्स या नाममुद्रांमध्ये लागली होती. एकीने करारबद्ध केलेले खेळाडू दुसरी आपल्या कार्डांवर छापू लागली, तेव्हा वाद न्यायालयात गेला. १९५३ साली न्यायाधीश जेरोम फ्रँक यांनी निकाल देताना म्हटले की, आपल्या चित्राच्या प्रसिद्धिमूल्यावर माणसाचा स्वतःचा हक्क असतो आणि तो हक्क त्याला दुसऱ्याला देता येतो. आज नटनट्या, गायक आणि खेळाडू जाहिरातींत आपला चेहरा विकतात, त्यामागच्या अमेरिकी कायद्याचे मूळ या गमच्या पाकिटात आहे.

हक्क मिळाला, दाम मात्र किरकोळ राहिला. टॉप्सचे प्रतिनिधी खालच्या लीगमधल्या पोरसवदा खेळाडूला पाच डॉलर देऊन करारावर सही घेत. तो मोठ्या लीगमध्ये पोचला की त्याला वर्षाला १२५ डॉलर मिळत. वर्षानुवर्षे हाच भाव होता. मिलर यांनी १९६८ साली तो दुप्पट करून घेतला आणि कार्डांच्या विक्रीत टक्केवारीही मिळवली. त्या वेळी अनेक खेळाडूंना प्रथमच कळले की, आपल्या चित्रावर कुणीतरी कोट्यवधी कमावते आहे.

बाजार कसा उभा राहिला

सही मागण्याची हौस जुनीच. बेब रूथने असंख्य मुलांना चेंडूंवर फुकट सह्या दिल्या. मग १९८०च्या दशकातच हा बाजार का फुलला? याचे मुख्य कारण वयाच्या हिशेबात आहे. १९५२ साली जो दहा वर्षांचा होता, तो १९८२ साली चाळीशीत आला. त्याच्याकडे पैसा होता, आणि आईने माळा साफ करताना फेकून दिलेल्या कार्डांची हळहळ होती. १९८० साली लॉस एंजेलिसमध्ये संग्राहकांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन भरले. पुढे ते दरवर्षी भरू लागले. त्याच सुमारास टॉप्सची मक्तेदारी मोडली, १९८१ पासून नव्या कंपन्यांची कार्डे आली आणि हौसेला गुंतवणुकीचे रूप मिळाले.

या साऱ्याच्या मध्यभागी मिकी मँटल होता. ओक्लाहोमातल्या जस्त-खाणकामगाराचा हा मुलगा १९५१ ते १९६८ अशी १८ वर्षे न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला. सोनेरी केस, दोन्ही हातांनी फटकेबाजी आणि पहिल्याच मोसमात कायमचा दुखावलेला गुडघा. त्याचा सर्वाधिक पगार वर्षाला १ लाख डॉलर होता. निवृत्तीनंतर हाती फारसे काही नव्हते. १९८३ साली त्याने अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोत पाहुण्यांशी हस्तांदोलन करण्याची आणि गोल्फ खेळण्याची नोकरी धरली. जुगाराशी संबंध नको म्हणून कमिशनर क्यून यांनी त्याला बेसबॉलपासून दूर केले. विली मेजला याच कारणासाठी १९७९ सालीच दूर केले होते. नवे कमिशनर पीटर युबेरॉथ यांनी १९८५ साली दोघांनाही परत घेतले. एकाच खेळाचे दोन सर्वांत लाडके खेळाडू पोटासाठी कॅसिनोच्या दारात उभे राहतात, ही गोष्ट लाजिरवाणी कुणासाठी होती, खेळाडूंसाठी की खेळासाठी, याचा विचार तेव्हा फारसा कुणी केला नाही.

मँटलला नोकरीपेक्षा चांगली कमाई दिली ती सह्यांनी. त्याच्या समोरची रांग सर्वांत लांब असे. खेळातल्या पगाराहून किती तरी अधिक पैसा त्याने सह्या करून मिळवला. रांगेतले पन्नाशीचे पुरुष त्याच्यासमोर येऊन रडत, याचे त्याला नवल वाटे. त्याला दारूचे व्यसन होते, आणि अशा प्रदर्शनांतले त्याचे वागणे कधी लाघवी तर कधी उर्मट असे. १९९४ साली त्याने व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले आणि आपली कहाणी जाहीरपणे मांडली. जून १९९५ मध्ये त्याचे यकृत-प्रत्यारोपण झाले. पुढच्या महिन्यातल्या पत्रकार परिषदेत त्याने मुलांना सांगितले की, माझा आदर्श ठेवू नका. १३ ऑगस्ट १९९५ रोजी तो गेला.

त्याच्या १९५२ सालच्या टॉप्स कार्डाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्या वर्षीच्या शेवटच्या मालिकेतली कार्डे खपली नाहीत आणि गोदामात पडून राहिली. टॉप्सचे साय बर्गर सांगत की, १९६० साली त्यांनी त्या पेट्या कचऱ्याच्या पडावातून नेऊन न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात लोटल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच मालिकेतले मँटलचे एक उत्तम स्थितीतले कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. त्याच्या १८ वर्षांच्या पगारांची बेरीज या रकमेच्या आसपासही जात नाही.

दोन स्वभाव

जो डिमॅजिओने १९४१ साली सलग ५६ सामन्यांत किमान एक यशस्वी फटका (‘हिट’) मारण्याची किमया केली. तो विक्रम आजही उभा आहे. म्हातारपणी तो सह्यांच्या बाबतीत सर्वांत चिकट मानला जाई. दर चढा, अटी अनेक. बॅटवर सही करायला तो सहसा तयार नसे, आणि मॅरिलिन मन्रोचे छायाचित्र कुणी पुढे केले तर सरळ नाही म्हणे. विक्रमाला ५० वर्षे झाली तेव्हा मात्र त्याने बॅटींवर सह्या केल्या, आणि त्याही नेमक्या १,९४१. लोक त्याला लोभी म्हणाले. पण हा शब्द त्याला नवा नव्हता. १९३८ साली त्याने ४० हजार डॉलर पगार मागितला होता आणि मालक २५ हजारांवर अडून बसले होते. मोसम सुरू झाला तरी तो खेळायला गेला नाही. राखीव कलमामुळे दुसरा संघ त्याला घेऊ शकत नव्हता, म्हणून अखेर २५ हजारांवरच सही करावी लागली. मैदानात परतला तेव्हा मंदीने गांजलेल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आपली किंमत आपण ठरवायची नाही, हा धडा त्याला तेव्हा मिळाला होता. सहीचे दर ठरवताना तो त्या धड्याचे उट्टे काढत होता, असे मला वाटते.

बॉब फेलर याच्या अगदी उलट. आयोवातल्या शेतकऱ्याचा हा मुलगा त्या काळातला सर्वांत वेगवान गोलंदाज होता. पर्ल हार्बरनंतर लगेच तो नौदलात भरती झाला आणि उमेदीची जवळजवळ चार वर्षे त्याने युद्धाला दिली. १९५६ साली खेळाडूंच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष तोच झाला. फेलर जाईल तिथे सह्या करी आणि दर माफक ठेवी. सही नसलेला फेलरचा चेंडू जास्त दुर्मीळ, असा विनोद संग्राहकांत रूढ झाला होता. २०१० साली, ९२ व्या वर्षी तो वारला. त्याची सही आजही स्वस्त मिळते. बाजाराच्या नियमाने पाहिले तर त्याने आपली किंमत स्वतःच पाडली. पण त्याच्याशी दोन शब्द बोलायला मिळालेल्या माणसांची संख्या डिमॅजिओच्या किती तरी पट असेल.

रोख रक्कम आणि बनावट सह्या

या धंद्यातला बराचसा पैसा रोखीत फिरे आणि त्याची नोंद सर्वांनीच ठेवली असे नाही. पीट रोझला १९८९ साली जुगाराच्या प्रकरणात बेसबॉलमधून कायमचे काढण्यात आले. पण तो तुरुंगात गेला तो करचुकवेगिरीसाठी. सह्या, संग्राह्य वस्तू आणि घोड्यांच्या शर्यती यांतून झालेले साडेतीन लाखांहून अधिक डॉलरांचे उत्पन्न त्याने लपवले होते. १९९० साली त्याला पाच महिन्यांची कैद आणि ५० हजार डॉलर दंड झाला. १९९५ साली ड्यूक स्नायडर आणि विली मॅकोव्ही हे दोन सन्मानित खेळाडू ब्रुकलिनच्या न्यायालयात याच गुन्ह्यासाठी उभे राहिले आणि त्यांनी गुन्हा कबूल केला. ज्या ब्रुकलिनमध्ये स्नायडरला लोकांनी डोक्यावर घेतले होते, तिथेच त्याला दोन वर्षांची देखरेख आणि ५ हजार डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली गेली. मॅकोव्हीला जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी माफी दिली. स्नायडर त्याआधीच, २०११ साली वारला होता.

सहीला भाव आला तसे तिचे बनावट धनीही उगवले. ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने एफबीआयने सॅन दिएगोतून केलेल्या तपासात ऑक्टोबर १९९९ मध्ये अनेक ठिकाणी छापे पडले. साठहून अधिक जण दोषी ठरले. मृत खेळाडूंच्या सह्या जुन्या शाईने जुन्या चेंडूंवर करून, चेंडू पिवळट दिसावा म्हणून त्यावर प्रक्रिया केली जाई. सोबत खरेपणाचे प्रमाणपत्र असे, तेही बनावट. या मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही सापडला. कोलकात्यात जन्म घालवलेल्या त्या संन्यासिनीच्या हाती हा चेंडू कुणी आणि कशासाठी दिला असेल, असा प्रश्न विकत घेणाऱ्याला पडला नाही, यावरून त्या काळातली खरेदीची धुंदी लक्षात येते. सॅन दिएगोचाच फलंदाज टोनी ग्विन याला स्वतःच्या संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या आढळल्या होत्या. यानंतर २००१ साली मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पडताळणी योजना सुरू केली. आजी-माजी पोलिस अधिकारी साक्षीला बसतात आणि वस्तूवर क्रमांकाचे होलोग्राम चिकटवले जाते. सही करणाऱ्याच्या शब्दाची जागा साक्षीदाराने घेतली.

रांग नसलेले टेबल

१९९०च्या दशकात काही वर्षे माझे वास्तव्य न्यू जर्सीत होते. तिथे अशा एका प्रदर्शनात मी गेले होते. प्रसिद्ध खेळाडूंपुढे रांगा होत्या. पलीकडच्या टेबलाशी एक वयस्क माजी खेळाडू एकटाच बसला होता. टेबलावर त्याच्या एकमेव कार्डाच्या प्रती होत्या. तो येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होता, विचारले तर जुने किस्से सांगत होता. दोन तासांत त्याच्यापुढे मोजकीच माणसे थांबलेली मी पाहिली. या बाजाराबद्दल लिहिताना मला मँटलच्या रांगेपेक्षा ते टेबल जास्त महत्त्वाचे वाटते.

कारण सहीने अन्यायाची भरपाई केली ती फक्त मोठ्यांच्या बाबतीत. बेसबॉलपटूंचे निवृत्तिवेतन १९४७ साली सुरू झाले. १९८० पूर्वी ते मिळण्यासाठी मोठ्या लीगमध्ये चार वर्षांची सेवा लागे. १९८० साली ही अट ४३ दिवसांवर आली. पण हा बदल मागील काळाला लागू केला नाही. परिणामी १९४७ ते १९७९ या काळात चार वर्षांहून कमी खेळलेले शेकडो जण कोरडेच राहिले. एखाद्याचा खांदा तिसऱ्या वर्षी निखळला, एखाद्याला मालकाने नेमके थोडे दिवस उरले असताना खालच्या लीगमध्ये धाडले. २०११ साली लीग आणि संघटना यांनी मिळून अशांसाठी वार्षिक रक्कम ठरवली : दर ४३ दिवसांच्या सेवेला ६२५ डॉलर, जास्तीत जास्त १० हजार. पुढे ती थोडी वाढली. खेळाडू मेला की ती थांबते, पत्नीला मिळत नाही. ज्या संघटनेने पुढच्या पिढीला कोट्यधीश केले, तिनेच मागच्या पिढीतल्या दुबळ्यांना असे अर्ध्या वाटेवर ठेवले, हे नोंदवायला हवे.

आपल्याकडच्या वाचकाला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. १९५०-६०च्या दशकांतले आपले कसोटी क्रिकेटपटू रेल्वे, बँका आणि कंपन्यांतल्या नोकऱ्यांवर जगले. क्रिकेट मंडळाचे मासिक निवृत्तिवेतन यायला २००४ साल उजाडले. आपल्याकडे सह्यांचा बाजार उभा राहिला नाही, एवढाच फरक.

तेव्हा सहीला पैसे का, या प्रश्नाकडे मी असे पाहते : जवळजवळ शंभर वर्षे मालकांनी जे वेतन दिले नाही, त्याचा काही भाग चाहत्यांनी पन्नास वर्षांनी वर्गणी काढून भरला. ही भरपाई उशिरा आली, चुकीच्या खिशातून आली आणि ज्यांना सर्वाधिक गरज होती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. तरीही त्या टेबलामागे बसलेला माणूस आयुष्यात प्रथमच आपल्या नावाचा भाव ठरवत होता. तो उर्मटपणे ठरवतो की प्रेमाने, हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा भाग.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी पीट रोझ नॅशव्हिल परिसरातल्या एका प्रदर्शनात जुन्या सहकाऱ्यांबरोबर सह्या करत होता. दुसऱ्या दिवशी, ८३ व्या वर्षी, लास व्हेगासमध्ये त्याचा मृत्यू झाला. राखीव कलमाखाली खेळलेली पिढी आता संपत चालली आहे. १९७५ साली विशीत असलेला खेळाडूही आज सत्तरीत आहे. आजचे खेळाडू कारकीर्द ऐन भरात असतानाच आपल्या सहीचे हक्क कंपन्यांना विकून मोकळे होतात. म्हातारपणी हॉटेलच्या हॉलमध्ये बसण्याची पाळी त्यांच्यावर बहुधा येणार नाही. त्या हॉलमधली टेबले मात्र अजून लागतात, आणि रांग नसलेले टेबल त्यांत असतेच.